वीतभर आणि दोन बोटं

३ मार्च

चिंगे,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला, म्हणून शेवटी लिहिलाच नाही. फोन करणार नव्हतेच. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर मी तुला बोलू देत नाही. पत्राचं बरं असतं, फाडायच्या आधी माणूस दोन ओळी तरी वाचतो. म्हणून पहिल्या दोन ओळींत कामाचं सांगते. सुकाणू पाठव.

हो, तेच. सहा वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला माझ्याशी भांडून, चादरीत गुंडाळून जे बसमध्ये घेऊन चढलीस ते. तुझ्या घरात ते कुठे ठेवलं असशील याचा मी पुष्कळदा विचार केला. कपाटामागे असणार.

आता कारण ऐक. शेडच्या मालकाने महिनाअखेरपर्यंत जागा मोकळी करायला सांगितली आहे. तुझ्या भाऊजींनी त्यावर तोडगा काढला. एक गृहस्थ घरी आणले. त्यांना आपली होडी, बदकी, हवी आहे. का, तर बागेत ठेवून तिच्यात माती भरून फुलझाडं लावायची. मी विचारलं, कसली फुलझाडं. म्हणाले, मोसमाप्रमाणे बदलू. तुझे भाऊजी माझ्याकडे अशा कौतुकाने बघत होते की जणू पोरीला स्थळ आणलं आहे. एकतिसला ते गृहस्थ टेम्पो घेऊन येणार.

मी शेवटचं बघून यावं म्हणून परवा शेडवर गेले. सहा वर्षांत आत पाऊल टाकलं नव्हतं. त्या अपघातात तिला पडलेलं भोक मी बुजवून घेतलं होतं, पण तिथला पांढरा रंग अजून वेगळा दिसतो. ट्रेलरच्या दोन्ही टायरांत हवा नाही, दिव्यात कोळ्याने घर केलंय, आणि बदकी त्या गंजक्या सांगाड्यावर तशीच नाक वर करून बसलेली. मी तिच्या बुडावर हात ठेवला आणि चिंगे, मला जे काही झालं ते मी लिहीत नाही. घरी येऊन भाऊजींना सांगितलं की होडी विकायची नाही. ते म्हणाले, मग ठेवणार कुठे, डोक्यावर?

तलावावर. तिथल्या क्लबच्या आवारात ट्रेलरसकट ठेवू देतात, फक्त ट्रेलर धडका हवा आणि होडी चालती हवी. शोभेच्या होड्या ते घेत नाहीत. म्हणजे एकतीस तारखेच्या आत मला ट्रेलर दुरुस्त करून, बदकीला तलावापर्यंत नेऊन, पाण्यात चालवून दाखवायची आहे. अठ्ठावीस दिवस आहेत. रिटायर झाल्यापासून मला पहिल्यांदा सकाळी उठल्यावर काम आहे.

होडी निम्मी तुझी, म्हणून विचारायला हवं हेही मला कळतं. विचारते आहे. सुकाणू पार्सलने पाठव, पत्ता तोच.

ताई

९ मार्च

चिंगे,

उत्तर नाही. ठीक आहे. शत्रूसुद्धा पोच देतो, पण ठीक आहे.

मी तुला मुळीच लिहिणार नव्हते, पण आज जे झालं ते कोणाला सांगू? भाऊजींना सांगायला गेले तर ते म्हणाले, हात धुऊन ये. मी चाकं उघडली. स्वतः. चिंगे, दोन्ही चाकं.

आधी चाकाखाली विटा, मग जॅक, मग चाकाच्या मध्यावरचं ते डबीच्या झाकणासारखं असतं ना, ते ठोकून काढलं. आत एक वाकडी पिन, पिनेखाली नट, नटामागे बेअरिंग. आणि ग्रीस कसलं, खरवडून काढावा असा काळा डिंक. ते सगळं बाहेर आल्यावर मी काय केलं असेल सांग. ऑपरेशन थिएटरमधला तो मूत्रपिंडाच्या आकाराचा स्टीलचा ट्रे मला निरोपाला भेट दिला होता ना, त्यात रॉकेल ओतलं आणि प्रत्येक बेअरिंग ब्रशने धुतलं. पांढऱ्या कापडावर ओळीने मांडलं. डावीकडचं डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. मोजून घेतलं, मोजून परत घातलं. चौतीस वर्षांत पेशंटच्या पोटात एक बोळा राहू दिला नाही मी, ट्रेलरमध्ये वॉशर राहू देईन का.

डावीकडच्या एका बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक खड्डे होते, देवीच्या व्रणांसारखे. ते फेकलं, नवीन आणलं. दुकानदाराने विचारलं, साहेब आले नाहीत का. मी म्हटलं, साहेब वजन कमी करतायत, तुम्ही बेअरिंग द्या.

आणि ग्रीस भरायची मजा तुला माहीत नाही. ते वरून फासून चालत नाही. तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यावर दाबत राहायची, दाबत राहायची, की पलीकडच्या बाजूने गोळ्यांच्या मधून ग्रीसच्या शेवया निघतात. पहिली शेवई निघाली तेव्हा मी शेडमध्ये एकटी हसले. मग नट आवळायचा, चाक जड होईपर्यंत, आणि मग किंचित सैल सोडायचा. चाक आवाज न करता फिरलं पाहिजे पण डगडगता कामा नये. उजवं चाक मी एका बोटाने ढकललं तर ते अकरा वेळा फिरलं. मी मोजलं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, मेट्रन, आता त्याला सलाइन लाव.

बदकी एकटीने चालत नाही हे मला माहीत आहे. एकीने शिडाची दोरी धरायची, एकीने सुकाणू. क्लबमध्ये कोणीतरी मिळेल मला. सुकाणू तेवढं पाठव.

ताई

१४ मार्च

चिंगे,

आजचा दिवस भरगच्च. बदकीचं बूड ज्या दोन लांब लाकडी पट्ट्यांवर टेकतं त्या कुजल्या होत्या. एकीत तर बोट घातलं की आत जायचं. सुताराकडून नवीन कापून आणल्या, कडा गोल करून घेतल्या, आणि वर मऊ काहीतरी हवं म्हणून दिवाणखान्यातला गालिचा कापला. पूर्ण नाही. कपाटाखाली जायचा तेवढाच भाग. भाऊजींना अजून कळलेलं नाही, तू कळवू नकोस. म्हणजे तू त्यांच्याशी बोलत असलीस तर. बोलतेस का? त्यांच्या फोनवर तुझं नाव दिसलं होतं मला एकदा. मी काही म्हटलं नाही. बघ, मला गप्प बसता येतं.

दिव्यांची तऱ्हा वेगळीच होती. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर लागायचा, आणि डावा इंडिकेटर दिला की दोन्ही दिवे मंद व्हायचे. चार तास वायरी चाचपल्या. दोष कुठे होता, तर सांगाड्याला लावलेल्या एका स्क्रूखाली गंज होता. घासून लखलखीत केला, वायर परत आवळली, आणि सगळे दिवे शहाण्यासारखे आपापल्या वेळी लागले. एवढ्याशा गंजाने केवढा गोंधळ.

दुपारी वेल्डर आला, चाकावरच्या पत्र्याची तुटलेली पट्टी जोडायला. मुलखाचा मितभाषी माणूस. दोन टाके मारले, काच वर केली, आणि एक डोळा मिटून ट्रेलरच्या मधल्या दांड्यावरून पुढे बघत बसला. मग पुढच्या खांबाकडे गेला. तोच, ज्यावर हाताने फिरवायची विंच आहे, जिच्या पट्ट्याने आपण बदकीला ओढून घ्यायचो आणि तिचं नाक रबरी ठोकळ्याला टेकवायचो. म्हणाला, "बाई, हा खांब इथला नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"कोणीतरी मागे घेतलाय. ही बघा जुन्या बोल्टांची जागा."

मी म्हटलं, "आधीच्या मालकाने घेतला असेल."

त्याने चिंधीला रॉकेल लावून दांड्याचा तेवढा भाग पुसला आणि सामान आवरून गेला. मलाही मग उशीर झाला होता. शेड बंद केली.

बाकी सगळं झकास चाललंय. टायर नवीन घातले. हवा भरताना

हे पान इथेच संपवते.

ताई

१५ मार्च

चिंगे,

सुकाणू पाठवायची घाई करू नकोस. पाठवलं नसशील तर थोडं थांब. मला एक मोजायचं आहे.

ताई

१९ मार्च

चिंगे,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं. तिन्ही वेळा पहिल्या पानावर हवामान आलं. आता सरळ लिहिते.

वेल्डरने पुसलेल्या जागी लाल रेघ निघाली. तुझी नेलपॉलिश. ती भडक लाल, जी लावून तू माझ्या वॉर्डात आलीस तेव्हा मी तुला सगळ्यांसमोर हात मागे बांधायला लावले होते. बदकी घेतली त्या वर्षी तू दोन दिवस पेन्सिल कानाला लावून ट्रेलर मोजत होतीस, आठवतं? घरांचे नकाशे काढणारी बाई ट्रेलरचा नकाशा काढते म्हणून मी हसले होते. तू म्हणालीस, होडीचं वजन कुठे बसतं यावर सगळं आहे, पुढे थोडं जास्त हवं, म्हणजे ट्रेलरची मान गाडीच्या हुकावर दाबून बसते, मागे जास्त झालं तर तो शेपूट हलवायला लागतो. मग खांब नेमका जागेवर बसवून बोल्ट आवळलेस आणि खांबाच्या कडेला नेलपॉलिशने रेघ मारलीस. "ताई, ही रेघ म्हणजे रेघ."

मी त्या रेघेपासून खांबापर्यंत हाताने मोजलं. वीतभर आणि दोन बोटं. तेवढा खांब मागे. म्हणजे तेवढीच बदकी मागे.

आधीचा मालक वगैरे काही नाही. खांब मी मागे घेतला होता. त्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी, तू यायच्या आत. का, ते सांगायला लाज वाटते म्हणून सांगतेच. ट्रेलर जोडला की गाडीची डिकी उघडायची नाही, विंचच्या दांडीला आपटायची. आणि चहाचा थर्मास डिकीत होता. मला वाटेत थांबून, ट्रेलर न सोडता, चहा प्यायचा होता. पान्हा घेतला, चार बोल्ट सैल केले, खांब मागे सरकवला, आवळला. डिकी मस्त उघडली. मला इतका आनंद झाला की तुला सांगायचं राहून गेलं. नंतर विसरले. खरंच विसरले चिंगे, लपवलं नव्हतं. अपघातानंतरही एकदासुद्धा मनात आलं नाही. परवा ती रेघ दिसली तेव्हा पान्ह्याची पकड हातात आठवली.

तरी मी लगेच मान्य केलं नाही. मला ओळखतेस. म्हटलं वीतभराने काय होतंय, आधी मोजू. भाऊजींचा वजनकाटा आणला. ते रोज सकाळी त्यावर उभे राहतात आणि खाली बघत नाहीत. गाडीचा हूक जेवढा उंच तेवढा लाकडी ठोकळा काट्यावर उभा केला, आणि ट्रेलरची मान त्यावर अलगद टेकवली. खांब जसा होता तसाच ठेवून. भाऊजींना म्हटलं, वाचा. ते गुडघ्यावर बसून म्हणाले, "नऊ किलो. काटा बिघडला वाटतं, मला हाच हवा होता."

मग मी खांब सैल केला, तुझ्या रेघेला आणून लावला, विंच फिरवून बदकीला पुढे ओढली. तिचं नाक रबराला टेकलं. परत मान काट्यावर. सत्तावीस.

नऊ आणि सत्तावीस. काटा बरोबर होता, मी स्वतः त्यावर उभी राहून खात्री केली, तो आकडा तुला सांगणार नाही. सत्तावीस किलोने ट्रेलर हुकावर घट्ट बसतो. नऊ किलोने तो उतारावर मोकाट सुटतो. पुलानंतरच्या उतारावर तू दोनदा म्हणालीस, "ताई, मागून हलतंय, हळू घे." मी म्हटलं, "तू पुढे बघ." तिसऱ्यांदा तू काही म्हणाली नाहीस, आणि वळणावर बदकी उडाली. तिला ट्रेलरला बांधायचा मागचा पट्टा रस्त्यावर पडलेला दिसला आणि मी ठरवून टाकलं की पट्टा तू नीट बांधला नव्हतास. एवढे झोके बसल्यावर साखळदंड असता तरी सुटला असता.

हे झालं ट्रेलरचं. आता दुसरं.

त्या दिवशी मी बघ्यांच्या समोर काय बोलले ते सहा वर्षं मी "काहीतरी बोलले असेन" असं म्हणत आले आहे. भाऊजींनाही तसंच सांगितलं. पण मला शब्दन् शब्द पाठ आहे. मी म्हटलं, "तुझ्या हातून काही धरूनच ठेवलं जात नाही. ना दोरी, ना नवरा." तो तुला सोडून गेल्याला तीन महिने झाले होते. त्या दिवशी तू पहिल्यांदा घराबाहेर पडली होतीस, मीच तुला ओढून काढलं होतं, म्हणे पाण्यावर बरं वाटेल.

तुझं मन राखायचं सोडून मी चारचौघांत तुझ्यावर वार केला, आणि तो करायला ज्या चुकीचं निमित्त घेतलं ती चूकही माझीच. पेशंट टेबलावर असताना मी कधी आवाज चढवला नाही. तुझ्यावर चढवला. मी चुकले, चिंगे. मला माफ कर असं लिहायला हात जड झालाय, पण लिहिलं. माफ कर.

आणि तरी, ऐक. काट्यावर सत्तावीस दिसलं तेव्हा मला रडूही आलं आणि उडीही मारावीशी वाटली. सहा वर्षं मला वाटत होतं की बदकी हटवादी आहे, ट्रेलर पनवती आहे, तू निष्काळजी आहेस. यातलं काहीच नव्हतं. चार बोल्ट होते. चार बोल्ट तर मला आवळता येतात.

सुकाणू पार्सलने पाठवू नकोस. घेऊन ये. नाही आलीस तर मी समजेन, आणि मग होडीचं काय करायचं ते तू सांगशील तसं. फुलझाडं म्हणालीस तर फुलझाडं. निम्मी तुझी आहे आणि माझ्या निम्म्याने पुष्कळ गोंधळ घातलाय.

ताई

२४ मार्च

चिंगे,

उत्तराची वाट बघणार नाही असं ठरवलं होतं. पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून दाखवतो.

पण आज ट्रेलर रस्त्यावर आला, आणि हे तुला कळलंच पाहिजे. सकाळी सातला, रस्ता मोकळा असताना. बदकी वर, डोलकाठी आडवी करून तिच्या आधारावर बांधलेली, पुढे विंचचा पट्टा, शिवाय एक साखळी, मागे दोन नवे पट्टे. भाऊजी शेजारी बसले. म्हणाले, मी फक्त विमा म्हणून येतोय.

पहिल्या चौकापर्यंत मी बैलगाडीच्या वेगाने गेले. मागून एक सायकलवाला पुढे निघून गेला आणि वळून हसला. मग एक मैलभर गेल्यावर थांबून खाली उतरले आणि चाकांच्या मध्यावर हात ठेवला, उलटा हात, पोराचा ताप बघतो तसा. उजवं गार. डावं तापलेलं. चांगलाच ताप. नट जास्त आवळला होता मी, नवीन बेअरिंग म्हणून लाड केले. तिथेच रस्त्याच्या कडेला जॅक लावला, झाकण काढलं, पिन काढली, नट जरासा सैल केला. भाऊजी छत्री धरून उभे, ऊन म्हणून. दहा मिनिटांचं काम. पुन्हा मैलभर, पुन्हा हात. दोन्ही नॉर्मल.

मग मी पुलाकडे वळवली. हो, त्याच पुलाकडे. भाऊजी म्हणाले, "तिकडे कशाला?" मी आरसा नीट केला. उतार लागला.  वेग थोडा वाढू दिला, त्या दिवशी होता तेवढा नाही, पण पुष्कळ. आरशात बदकीचं नाक दिसत होतं, आरशाच्या बरोबर मध्ये, आणि ते तिथेच राहिलं. वळण आलं. वळण गेलं. ती हललीसुद्धा नाही. अगदी मागे मागे आली, शाळेत पहिल्या दिवशी तू माझं बोट धरून आली होतीस तशी. तेव्हा तू हात सोडलाच नव्हतास, बाईंनी सोडवला होता.

खाली सपाटीला गाडी थांबवली. भाऊजी म्हणाले, "आता चहा." मी म्हटलं, "डिकी उघडत नाही." ते म्हणाले, "मग?" मी म्हटलं, "मग घरी गेल्यावर." त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. माणूस वाईट नाही. गालिच्याचं त्यांना कळलंय, पहिल्याच दिवशी कळलं होतं म्हणे.

क्लबवाल्याला फोन केला. तो म्हणाला, एकतीस तारखेला सकाळी नऊला तलावाच्या उतारावर या, होडी पाण्यात घाला, फेरी मारून दाखवा, जागा तुमची. नाही जमलं तर ती जागा दुसऱ्याला. मी त्याला सांगितलं, चाकं पाण्यात घालायच्या आधी अर्धा तास थंड होऊ देणार, गरम बेअरिंग पाणी ओढून घेतं. तो म्हणाला, बाई, इथे तुम्ही शिकवायला येता का?

फुलझाडवाल्या गृहस्थांचाही फोन आला होता. त्यांचा टेम्पो त्याच दिवशी दुपारी बाराला येणार आहे. मी त्यांना अजून नाही म्हटलेलं नाही. कसं म्हणू? सुकाणूशिवाय होडी म्हणजे कुंडीच की.

खांब रेघेवर आहे. बोल्ट आवळलेत. पण रेघ पुसट झालीय, निम्मी गंजाने खाल्लीय.

मी साडेआठपासून उतारावर असेन. एवढंच.

ताई

२७ मार्च

ताई,

तुझी सहाही पत्रं पोचली. फाडलं एकही नाही. पहिली दोन मी न उघडता ठेवली होती. तिसरं उघडलं कारण पाकिटावर ग्रीसचा अंगठा होता.

भाऊजी दर महिन्याला फोन करतात, सहा वर्षं. तुला सांगू नको म्हणाले होते, पण आता तू गालिचा कापलास तर हेही चालेल.

सुकाणू कपाटामागे नाही. माझ्या पलंगाशेजारी भिंतीला टेकवून उभं आहे. येणारे जाणारे विचारतात, मी सांगते की ताईचं आहे, न्यायला येईल.

तू बोललीस ते मी विसरलेले नाही आणि विसरेन असं वचन देत नाही. पण ते तू स्वतःच्या हाताने, एक शब्द न गाळता लिहून पाठवलंस.  मला वाटायचं ते फक्त मलाच आठवतंय.

आता माझं ऐक. तो पट्टा मी दोनदा ओढून बघितला होता, असं मी सगळ्यांना सांगत आले. घटस्फोटाच्या वकिलाला, भाऊजींना, शेजारणीला. खरं सांगायचं तर एकदा ओढला की दोनदा, मला त्याच संध्याकाळपासून आठवत नाही. तेव्हापासून मी काहीही बांधलं की दोनदा ओढते. पिशवीची गाठ, बुटाची नाडी. ऑफिसात हसतात. नऊ किलोचं वाचलं तेव्हा मी पायातले बूट काढले, परत घातले, आणि नाडी एकदाच ओढून बांधली. टिकली.

एकतीसला पहिल्या बसने येते. आठ वाजता उतारावर असेन, तुझ्या आधी. तुझ्या सत्तावीसवर माझा विश्वास नाही, भाऊजींचा काटा घेऊन ये, मी समोर मोजून घेईन. चाकाला उलटा हातही मीच लावणार.

शिडाची दोरी तू धर. सुकाणू माझ्याकडे राहील, आणि मी म्हटलं हळू, की हळू.

थर्मास मी आणते, माझ्या पायाशी ठेवीन. डिकी उघडायची नाही.

नेलपॉलिशही आणते. ती लाल आता मिळत नाही, दुकानात फार तर जांभळी आहे. रेघ मी मारणार. तू हात मागे बांधून उभी राहा.

चिंगी